मानासेची चावी

लुपे गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा लाकूड कोरायचा राउटर चालू होता, त्यामुळे ती आल्याचं फेलेतीला कळलं नाही. उडणाऱ्या भुशातून काळा पोशाख दिसला तसं त्याने घाईघाईने मशीन बंद केलं, कानांवरची कवचं काढली आणि खुंटीवरचा शर्ट बनियनवर चढवला. बहिणीसमोर उघड्या दंडांनी उभं राहायचं नसतं. गुंड्या लागल्यावरच त्याने मान वर केली.

"ताई, या ना आत. खुर्ची पुसतो."

"नको. या धुळीनं मला शिंका येतात." ती उंबऱ्यावरच थांबली. "कुणाची करतोयस?"

"पापातोएतोएला राहणाऱ्या एका मुलीची. शनिवारी एकवीस पूर्ण होतायत तिला."

टेबलावर शिकंज्यात आवळलेली लाकडी चावी हातभर लांब होती. लुपेने ती दुरूनच न्याहाळली.

"मानासेची याच्याहून मोठी पाहिजे. लाकूड रीमूचं. मागं पास्टरच्या पोराला तू पाइन वापरलंस, ते मी बघितलंय."

"त्यांनी तेच मागितलं होतं, ताई."

"मी रीमू मागतेय."

 लुपेने पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक फोटो काढून त्याच्यापुढे धरला. "वर त्याचं नाव. खाली लिही, आई-बाबांकडून. लुपे आणि सायमोने. मधोमध हा फोटो. सायमोने आज असता तर स्वतः उभा राहिला असता. निदान चावीवर तरी त्याला असू दे."

फेलेतीने फोटो उजेडात धरला. पांढऱ्या शर्टातला सायमोने कोचावर बसलेला होता, केस तेव्हा सगळे काळे. त्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. मागच्या भिंतीवर टांगलेली चटई. आणि फोटोच्या उजव्या कडेने आत आलेला एक हात, कोपरापर्यंतचाच. त्या हाताचा तळवा अजून बाळाच्या पाठीखाली होता आणि मनगटावर हॉस्पिटलची प्लॅस्टिकची पट्टी होती.

"तो कडेचा हात काढून टाक," लुपे म्हणाली. "कॉम्प्युटरवर काढता येतो ना?"

"येतो."

"अर्धाच हात बरा दिसत नाही." तिने पर्स मिटली. "पंधरवडा आहे. उशीर करू नकोस."

ती गेल्यावर फेलेती बराच वेळ फोटो हातात घेऊन उभा राहिला. हा फोटो त्यानेच काढला होता. भिंत त्याच्या घरची होती, कोच त्याचा होता, हात त्याच्या बायकोचा, लोसेचा होता. आणि बाळही.

फेलेतीने तीस वर्षं मटणाच्या कारखान्यात सुरी चालवली. खांदा गेला, तेव्हा कारखान्याने हिशेब करून त्याला घरी बसवलं. त्या पैशांतून त्याने हे राउटर मशीन घेतलं आणि मागाहून लाकडावर चित्र जाळणारं लेझर. मांगेरे उपनगरात राहणारी, टोंगा बेटांवरून आलेली टोंगन मंडळी आधी कौतुकाने आणि मग सवयीने त्याच्याकडे यायला लागली. घरांच्या पाट्या, लग्नातले नावांचे फलक, बाळाच्या पाळण्यावरचं नाव, थडग्यावरचे क्रूस. पण सगळ्यांत जास्त चाव्या. पोरगं किंवा पोरगी एकवीस वर्षांची झाली की हॉल घ्यायचा, डुक्कर भाजायचं, आणि आई-बापांनी दोन बाजूंनी धरून ही लाकडी चावी लेकराच्या हातात द्यायची. आता तू मोठा झालास, घराचं दार तुझं तू उघड. आजवर किती चाव्या केल्या ते फेलेतीने मोजलं नव्हतं. तिन्ही मुलींच्या त्याने केल्याच होत्या. चौथी कधीतरी करायची आहे हे त्याला माहीत होतं. फक्त ती आपल्याकडे गिऱ्हाइकासारखी येईल असं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

टोंगन घरात आत्याचा मान सगळ्यांच्या वर. बाळाचं नाव ती ठेवते, लग्नात तिचा शब्द शेवटचा, मयताला तिचं आसन पुढे. लुपेला मूल झालं नाही. लोसेला तीन मुलींनंतर मुलगा झाला, तेव्हा लुपे हॉस्पिटलमध्ये आली, पाळण्याशी वाकली, बाळाचं नाव मानासे ठेवलं आणि म्हणाली, "हा माझा." तिने मागितलं असं नाही, सांगितलं. फेलेतीने मान हलवली. थोरल्या बहिणीला नाही म्हणायचे शब्द त्याला कुणी शिकवलेच नव्हते. सहाव्या दिवशी लुपे आणि सायमोने बाळाला घेऊन गेले. पुढचा आठवडाभर लोसे दूध आटावं म्हणून छातीवर कोबीची पानं बांधून अंथरुणावर पडून होती. त्यानंतर ती उठली आणि वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला लागली, ती अजून तिथेच होती.

यात चोरून काही झालं नव्हतं. चर्चमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि मानासेलाही. त्याला कुणी बसवून सांगितलं नव्हतं. चर्चच्या पायऱ्यांवर खेळणाऱ्या पोरांना अशा गोष्टी आपोआप कळतात. बोलत मात्र कुणी नव्हतं. लुपे त्याची आई होती, म्हणून फेलेती त्याचा मामा झाला आणि लोसे मामी. आणि मामाच्या घरातलं हवं ते उचलायचा हक्क टोंगन भाच्याला असतो. मानासे तो हक्क हसत हसत बजावायचा. परांची बांधायच्या कामावरून सुटला की गॅरेजमध्ये डोकवायचा, फेलेतीची टोपी स्वतःच्या डोक्यावर घालायचा, फ्रिज उघडून उभ्या उभ्या काहीतरी खायचा आणि जाताना म्हणायचा, "मामाचं ते माझं." टोप्या जायच्या. फेलेती बाजारात गेला की दोन घ्यायचा.

त्या संध्याकाळी लोसे कामावरून आली, तेव्हा फेलेतीने तिला लुपे येऊन गेल्याचं सांगितलं. फोटोचं सांगितलं नाही.

"चावी कोण देणार ते बोलली?" बूट काढता काढता लोसेने विचारलं.

"नाही."

"मग तू विचारलंस?"

"तिला कसं विचारणार?"

"तोंडानं."

फेलेती हसला नाही. लोसेने बूट दाराशी सरळ लावून ठेवले. "आत्याबाईला मिशा असत्या तर तिनंच दोन्ही बाजूंनी धरली असती चावी. मिशा नाहीत म्हणून तरी तिला कुणीतरी लागणार." तिने मोजेही काढले. "सायमोनेच्या मागं आहे कोण तिला? सिडनीचा दीर मयताला दोन दिवस आला नि गेला. तुलाच उभं करील ती, फेलेती. बापाच्या जागी उभं राहायला बापच बरा, एवढं तिलाही कळतं."

"असलं काही बोलू नकोस."

"बोलत नाहीये. सांगतेय."

पण रात्रीचं जेवण झाल्यावर तिने गादी उचलून तिच्याखाली पसरून ठेवलेली बारीक विणीची चटई बाहेर काढली. कंबरेला गुंडाळायची ती चटई फेलेतीच्या आईची होती आणि मोठ्या प्रसंगाशिवाय बाहेर येत नव्हती. दुसऱ्या दिवशी लोसेने ती मागच्या दोरीवर वाऱ्याला टाकली. फेलेतीने ती गॅरेजच्या खिडकीतून पाहिली. त्याच्याही मनात तेच येऊन बसलं होतं.

रीमूची फळी त्याने एका पाडलेल्या जुन्या घराच्या लाकडी जमिनीतून मिळवली. खिळ्यांची भोकं बुजवली, रंधा मारला, तेव्हा आतून तांबूस लाकूड वर आलं. चावीचा आकार कापायला एक दुपार गेली. दुसऱ्या दिवशी त्याने पातं बदललं आणि अक्षरं खोदायला घेतली. आधी मानासे. मग खाली आई-बाबांकडून. मग लुपे. पात्याला काय, ते सांगितलेल्या वाटेने जातं. सायमोनेचं नाव खोदून होईपर्यंत फेलेती मशीनजवळून हलला नाही; एरवी तो अशा वेळी चहा करून आणायचा. सायमोने भला माणूस होता. शाळेच्या सामन्यांना मानासेला सोडायला जायचा, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून फेलेतीच्या दारावरून गाडी न्यायचा आणि हॉर्न वाजवायचा. त्याच्याविषयी मनात आणायला काहीच नव्हतं, आणि तेच अवघड होतं.

फोटो त्याने शेवटपर्यंत लांबवला. लेझर घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत होतं, वॉशिंग मशीनच्या शेजारी, कारण धूर बाहेर काढायला तिथेच खिडकी होती. रविवारी काम करायचं नसतं आणि सोमवार त्याने पॉलिशमध्ये घालवला. मंगळवारी तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि फोटो मोठा केला.

कोपर काढायला सोपं गेलं. मागच्या चटईची वीण उचलून त्याने तिथे भरली. मग पट्टी काढली, मनगट काढलं. पण तळवा काढला तसं बाळ अधांतरी दिसायला लागलं. खालून कुणी धरलेलंच नव्हतं. फेलेतीने तळवा परत आणला, परत काढला. शेवटी त्याने सायमोनेच्या एकाच दिसणाऱ्या हाताची नक्कल केली, ती उलटी फिरवली आणि बाळाच्या पाठीखाली ठेवली. कडा पुसण्यात तो इतका गुंतला होता की लोसे धुण्याची टोपली घेऊन मागे कधी आली ते त्याला समजलं नाही.

टेबलावर मूळ फोटो पडला होता. लोसेने तो पाहिला. मग तिने पडद्याकडे पाहिलं. टोपली तिच्या कमरेवरच होती.

"तिनं सांगितलं?"

"हो."

"चटई चांगली विणलीस," ती म्हणाली.

फेलेतीने माऊसवरचा हात काढला. "लोसे, मी तिला सांगतो. दुसरा फोटो माग म्हणतो."

"कशाला? याच्यात सायमोने छान आलाय." ती पुढे वाकली. "पण त्याचे हात एवढे मोठे नव्हते. जरा लहान कर."

त्याने लहान केला.

"अजून थोडा. हं."

तिने वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं आणि एकेक कपडा झटकून आत टाकायला लागली. पाठमोरी असतानाच म्हणाली, "मी अजून सोडला नव्हता त्याला. फोटोची घाई तू केलीस."

फेलेतीला ते आठवत होतं. लोसे बाळ देते आहे आणि सायमोने घेतो आहे, या दोन्हींच्या मधला तो क्षण त्याला बघवत नव्हता, म्हणून त्याने कॅमेरा डोळ्याला लावला होता. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही सांगितलं नाही. वॉशिंग मशीन सुरू झालं. थोड्या वेळाने त्याने लेझर चालू केलं, आणि लाकूड जळल्याचा वास साबणाच्या वासात मिसळला. एकेक ओळ करत सायमोनेचा चेहरा वरून खाली उमटत गेला.

शनिवारी चर्चचा हॉल भरला. पहाटेपासून फेलेती आणि त्याचे दोन जावई मागच्या अंगणात उमू लावत होते, तापल्या दगडांवर डुकरं आणि रताळी ठेवून वर मातीचा ढीग. आईच्या माहेरची माणसं अशा कार्यात राबतात आणि बापाच्या घरची पुढे बसतात, तेव्हा त्याची जागा स्वयंपाकघरातच होती. पण अकराच्या सुमारास लुपे स्वतः मागच्या दाराशी आली. सायमोनेला जाऊन वर्ष व्हायचं होतं, म्हणून तिच्या अंगावर अजून काळंच होतं.

"फेलेती, कपडे बदल. चावी घेऊन स्टेजच्या बाजूला थांब. पास्टर बोलावतील."

लोसे रताळी सोलत होती. लुपे गेल्यावर तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि कोपऱ्यातल्या पिशवीतून चटई काढली. फेलेतीच्या कंबरेभोवती ती गुंडाळताना तिने दोनदा सोडून पुन्हा बांधली. दोरी आवळली, मागे सरून पाहिलं.

"पोट आत घे."

"घेतलंय."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि तिने त्याच्या खांद्यावरची राख झटकली.

स्टेजच्या पायऱ्यांशी फेलेती चावी दोन्ही हातांत आडवी धरून उभा राहिला. खांदा ठणकत होता, पण ती टेकवून ठेवावी असं त्याला वाटलं नाही. वर फुलांच्या कमानीखाली मानासे बसला होता, गळ्यात हार, हाताचे तळवे गुडघ्यांवर. त्याने फेलेतीकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. फेलेतीनेही उडवल्या. प्रार्थना झाली, गाणं झालं, भाषणं झाली. फेलेती मनातल्या मनात बघत होता: डावीकडून लुपे धरील, उजवीकडून मी. पायऱ्या चार आहेत. चटईत पाय अडकायला नको.

मग पास्टर म्हणाले, "आता मानासेला चावी देण्यासाठी त्याची आई लुपे, आणि स्वर्गवासी वडिलांच्या जागी, खास सिडनीहून आलेले त्याचे थोरले काका."

पहिल्या रांगेतून करड्या सुटातला उंच माणूस उठला. तो फेलेतीसमोर येऊन थांबला आणि त्याने हात पुढे केले. फेलेतीला क्षणभर हे हात कशासाठी आहेत ते उमगलं नाही. मग त्याने चावी दिली.

"खालून धरा," तो म्हणाला. "दातांकडे जोर देऊ नका, तिथं नाजूक आहे."

"बरं, बरं," काका म्हणाले.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा फेलेती भिंतीच्या कडेकडेने मागे चालला होता. स्वयंपाकघरात येऊन त्याने चटई सोडली, नीट गुंडाळून पिशवीत ठेवली आणि ॲप्रन बांधला. लोसे डुकराचे तुकडे करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"जड होती?"

"रीमू आहे."

तिने त्याच्याकडे सुरी सरकवली. फेलेतीने फासळ्या सोडवायला घेतल्या. हे काम त्याच्या हातांना डोक्याच्या मदतीशिवाय येत होतं.

ताटं वाढायच्या खिडकीतून माइकचा आवाज आत येत होता. मानासेने आईचे आभार मानले, वर गेलेल्या बाबांचे मानले, काकांचे, पास्टरांचे, कामावरच्या मुकादमाचे. मग त्याने चावीकडे बोट केलं. "ही चावी माझ्या मामानं केलीये," तो म्हणाला. "तुम्ही आता जेवणार तेही मामानं आणि मामीनं केलंय. ते दोघं आत आहेत." लोक वळून त्या खिडकीकडे बघून टाळ्या वाजवायला लागले. लोसेने सुरी धरलेला हात तसाच थोडा वर केला, आणि खाली घेऊन पुढचा तुकडा कापला.

दिवे लागायच्या वेळी हॉल रिकामा झाला. चावी लुपेच्या गाडीत मावेना, म्हणून ती फेलेतीच्या व्हॅनमध्ये आडवी ठेवून तिच्या घरी न्यावी लागली. लोसेने अंगावरची शाल काढून चावीखाली घातली. लुपेच्या दाराशी व्हॅन थांबली, तेव्हा ती म्हणाली, "तू जा. माझे पाय भरून आलेत."

बैठकीत पाहुणे दमून बसले होते. सायमोनेचा मोठा फोटो समोरच्या भिंतीवर होता, त्याच्या चौकटीला अजून काळी फीत. "त्याच्या खाली लाव," लुपेने सांगितलं आणि ती पाहुण्यांच्या चहाचं बघायला आत गेली. मानासेने चावी भिंतीला टेकवून धरली. फेलेतीने खुणा केल्या, भोकं पाडली, स्क्रू आवळले.

"सरळ आहे?"

"डावीकडून जरा वर, मामा. बास."

फेलेती हत्यारं पेटीत भरत होता. मानासे चावीसमोर उभा राहून तिच्यावरचा फोटो बघत होता. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "मी किती दिवसांचा होतो यात?"

"सहा."

"तुझ्या घरी काढलाय ना?"

"हो."

"मामी होती?"

फेलेतीने पेटीची कडी लावली. ती नीट लागली नाही, म्हणून उघडून पुन्हा लावली. "होती," तो म्हणाला.

मानासेने मान हलवली.  टेबलावरचा केक कापून त्याने दोन मोठे तुकडे कागदात गुंडाळले आणि पेटी फेलेतीच्या हातून घेऊन तो बाहेर आला. पेटी मागे ठेवली आणि लोसेच्या बाजूच्या खिडकीशी वाकला.

"मामी, आत का नाही आलीस?"

"पाय दुखतायत रे. उद्या चर्चला भेटूच की." तिने हात बाहेर काढून त्याच्या गळ्यातला हार सरळ केला, मग कॉलर. कॉलर सरळच होती.

त्याने वाकून आपला गाल तिच्या गालाला लावला आणि तसाच थोडा वेळ राहिला. आतून लुपेने त्याला हाक मारली. "आलो आई," तो म्हणाला. केक लोसेच्या मांडीवर ठेवून तो पायऱ्या चढून आत गेला, आणि दार लोटलं गेलं.

फेलेतीने गाडी चालू केली, पण लगेच हलवली नाही.

"कुठं लावली?" लोसेने विचारलं.

"सायमोनेच्या फोटोखाली."

"तिथं ऊन येतं? रीमूला ऊन लागलं की रंग उतरतो म्हणतोस ना तू."

"सकाळचं येतं थोडं. मग नाही."

"थोडं चालेल," ती म्हणाली, आणि मांडीवरचा केक एका हाताने सावरत तिने पट्टा लावून घेतला.